इतिवृत्त

वही क्रमांक एक. वाळवीनं कोपरा खाल्ला,
तारीख सोडली: अठ्ठावन्न साल, शिवडी.
अध्यक्षस्थानी तल्पडे डॉक्टरीण.
हजर सात, गैरहजर एक, घरी मुलीचं लग्न.

पहिला ठराव, मुष्टिफंडाचे तांदूळ विकून
छपराला पत्रे घ्यावेत.
सूचक चौकेकर, रे रोडच्या वखारीचे,
त्यांच्या लाकडाची बाकं अजून करकरतात.

नियामक मंडळ म्हणजे तेव्हा
डॉक्टरीणबाई दर गुरुवारी पोरांच्या पापण्या उलटून बघणार,
चौकेकर माठातलं पाणी आधी स्वतः पिणार, मग मास्तरांवर डाफरणार,
आणि गिरणीतले जॉबर बाबाजी घाडी
पाळी सुटल्यावर वर्गाबाहेर उभे,
पाढा चुकला की दारातूनच, "एकोणतीस सक?"

देवमाणसं नव्हती. वहीच सांगते:
चौकेकरांचा मेहुणा ड्रॉइंग मास्तर झाला,
त्याला रेघ सरळ येत नव्हती.
झाडूवाल्या सोनूबाईची पगारवाढ
अकरा सभा "पुढील सभेत घ्यावी" झाली.

ठराव सात:
मुलींच्या मुतारीला आतून कडी नाही.
बसवावी. सर्वानुमते.

पाचव्या वहीपासून अक्षर माझं.
मंडळात मुलगे आले, मग पुतणे,
मग पुतण्यांचे सी.ए.
"आपली शाळा" हा शब्द एका मार्चमध्ये गेला,
एप्रिलमध्ये "ॲसेट" आला,
मी तो शुद्धलेखनाची काळजी घेऊन लिहिला.
मैदानाचं मोजमाप तीनदा झालं. खेळासाठी नव्हे.

आता सभा पडद्यावर.
एक विश्वस्त पुण्याहून, एक दुबईहून,
एकाचा चेहरा मधेच गोठलेला;
मी त्याला हजर धरतो, नाहीतर कोरम होत नाही.
वही नऊ, पान चाळीस: कडी बसवावी,
निधी उपलब्ध झाल्यावर.

मधे कायदा आला होता. शाळा व्यवस्थापन समिती,
चारांत तीन पालक, निम्म्या बायका.
आमची अनुदानित, म्हणून समितीला हक्क
सल्ला देण्यापुरता.
पहिली काही वर्षं मी वही पोरांच्या दप्तरातून
घरोघरी फिरवून सह्या आणल्या.
खोटं कशाला बोलू.

यंदा जुलेखा मुकादम निवडून आली.
दारुखान्यात बॅगांना चेन शिवते, मुलगी सहावीत.
पेन पुढं केलं तर म्हणाली, "वाचा आधी."
वाचलं.
"मागचंही वाचा."
एकतीस वर्षांत इतिवृत्त कुणी ऐकायला मागितलं नव्हतं.
घसा कोरडा पडला तशी तिनंच पाणी दिलं.
कडीपाशी आलो.
"हे कधीपासूनचं?"
मी वह्या उतरवत गेलो. अठ्ठ्याण्णव. एक्क्याऐंशी. अठ्ठावन्न.

"माझी पोर शाळा सुटेपर्यंत पाणी पीत नाही,"
ती म्हणाली. आवाज चढवला नाही.
खाली बघून सही केली, मुकादममधला द सावकाश काढत.

पुढच्या सभेला पाऊण तास आधी आली.
पिशवीत कडी, कागदात चार स्क्रू,
नवऱ्याचा पेचकस.
कोरम नव्हता. सूचक नाही, अनुमोदक नाही.
मी दार धरून उभा राहिलो.
एक स्क्रू वाकडा गेला, तिनं तसाच ठोकला.

मग वही उघडून बसलो.
हा सल्ला म्हणावा की ठराव?
पासष्ट रुपये कुठल्या खात्यात?
निवृत्तीला चौदा महिने राहिले, आणि
असल्या कामाला माझ्याकडे शीर्षकच नाही.

"हजर" एवढं लिहून पुढं तिचं नाव घातलं.
शाई वाळायची होती.
पलीकडे कुणीतरी कडी लावून बघितली,
काढली,
परत लावली.